पाहुणा आणि शेजारी

प्रवासाची हौस मनुष्यजातीइतकी जुनी आहे आणि प्रवासाची भीतिही तितकीच जुनी आहे. परगांवीं निघालेल्या माणसाला "जपून जा" असें म्हणून निरोप देण्याची रीत कोणत्या काळीं व कोणत्या देशांत नव्हती? पूर्वीं वाट बिकट होती; रानांत श्वापदें होतीं, घाटांत वाटमारे होते, पावसाळ्यांत नदीला उतार मिळत नसे. आगगाडीनें आणि विमानानें हीं भयें पुष्कळ अंशीं दूर केलीं. परंतु एक भय असें आहे कीं, तें वाटेवर नसतें, मुक्कामावर असतें. आपण जसे आहों तसे यजमानाला कळलों, तर तो दार उघडील कीं लावून घेईल, हें तें भय होय. बहुतेक प्रवाशांना त्याची ओळखही नसते. नवराबायको आणि दोन मुलें असें कुटुंब माथेरानास किंवा महाबळेश्वरास उतरतें, तेव्हां खोलीचें भाडें, गरम पाणी आणि जेवणाची सोय एवढ्या चौकशा केल्या कीं त्याचें काम संपतें. "तुम्ही एकमेकांचे कोण?" या प्रश्नाचें उत्तर देतांना त्यांच्यापैकीं कोणाचाही आवाज कांपत नाहीं. ज्यांचा कांपतो, अशा प्रवाशांचा विचार येथें करावयाचा आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या हिंवाळ्यांत आम्हांस एक साधा प्रश्न विचारला. तो आणि त्याचा सहचर गेलीं सात वर्षें एका घरांत राहतात. दोघेही मिळवते आहेत, दोघांच्याही आया त्यांच्या घरीं येऊनजाऊन असतात. दोघांना मिळून प्रथमच परदेशीं जावयाचें होतें आणि कोठें जावें याचा निर्णय होत नव्हता. "सर, आमचें कोणीं कौतुक करावें असें नाहीं, रात्रीं दारावर थाप पडली तर छातींत धस्स होऊं नये, एवढेंच पाहिजे," असें तो म्हणाला. आम्ही आयुष्यभर वाङ्मय शिकविणारे. प्रवासाच्या व्यवस्थेचें ज्ञान आम्हांस कितीसें असणार? तरीही त्या प्रश्नाचा विचार करूं लागल्यावर असें दिसून आलें कीं, तो वरकरणीं नकाशाचा असला तरी मुळांत नीतीचा आहे. सुरक्षित जागा म्हणजे काय, स्वागत म्हणजे काय, आपली ओळख झांकून मिळविलेल्या आश्रयाला आश्रय म्हणावें काय, आणि जेथील कायदा अन्यायाचा आहे अशा देशीं पाहुणा म्हणून जावें कीं न जावें, असे चार प्रश्न त्या एका प्रश्नाच्या पोटांत आहेत.

घरांतील लहानथोर सर्वांच्या हातीं पडणाऱ्या मासिकांत असला विषय कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. त्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, मराठीला हा विषय नवा नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविलें व वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरें दिलीं. त्याबद्दल १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हां त्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं घेतलें होतें. विजय तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ हें नाटक १९८१ सालीं रंगभूमीवर आलें. शिवाय ज्यांच्याविषयीं लिहावयाचें तीं माणसें आभाळांतून पडलेलीं नाहींत. तीं कोणाच्या तरी घरचीं मुलें आहेत, आणि तीं घरें आपल्या घरांसारखींच आहेत.

आतां पहिला प्रश्न. सुरक्षितता म्हणजे कायद्याचें भय नसणें, हा त्या शब्दाचा अगदीं पहिला अर्थ होय. समलिंगी प्रेम करणाऱ्या माणसांच्या प्रवासाचा इतिहासच मुळीं कायद्यानें घडविला आहे. फ्रान्सनें १७९१ सालच्या दंडसंहितेंतून हा गुन्हा गाळून टाकला. एक झालेल्या इटलीनें १८८९ सालीं जी संहिता केली तींतही तो घातला नाहीं. इंग्लंड आणि जर्मनी या देशांनीं मात्र तो राखला. त्यामुळें एकोणिसाव्या शतकांत उत्तर युरोपांतील अशीं माणसें दक्षिणेची वाट धरूं लागलीं. लोक म्हणत कीं तीं सूर्यप्रकाशासाठीं आणि प्राचीन शिल्पांसाठीं जातात. तें खोटें नव्हतें, पण अपुरें होतें. या माणसांच्या वतीनें जर्मनींत प्रथम उघडपणें लेखणी उचलणारे कार्ल हाइन्रिख उल्रिख्स इटलींत जाऊन राहिले आणि १८९५ सालीं तेथेंच वारले. त्याच सालीं ऑस्कर वाइल्डला लंडनच्या न्यायालयानें दोन वर्षें सक्तमजुरीची शिक्षा दिली. १८९७ च्या मे महिन्यांत सुटतांच तो समुद्र ओलांडून फ्रान्सांत गेला. इंग्लंडची भूमि त्यानें पुन्हां पाहिली नाहीं. परंतु फ्रान्सच्या किनाऱ्यावरील डिएप गांवीं तो उतरला तेव्हां तेथें आलेल्या इंग्रज मंडळींनीं त्याच्याकडे पाठ फिरविली. कायद्यानें त्याला सोडलें होतें, लोकांनीं सोडलें नव्हतें. येवढ्या एका उदाहरणावरून ध्यानांत येईल कीं, कायद्याची मुभा ही सुरक्षिततेची पहिली पायरी असली तरी शेवटची नव्हे.

पहिली पायरी म्हणून तिचें महत्त्व मात्र कमी लेखूं नये. मेकॉलेनें जिचा मसुदा केला ती भारतीय दंडसंहिता १८६० सालीं मंजूर झाली आणि १८६२ पासून अंमलांत आली. तिच्यांतील ३७७ वें कलम हें आपल्या शास्त्रीपंडितांनीं किंवा पंचायतींनीं लिहिलेलें नव्हतें. तें इंग्रजी धर्मकल्पनांचें अपत्य होतें. पुढें हीच संहिता साम्राज्यांतील इतर वसाहतींना कित्त्यासारखी देण्यांत आली. मलायांत, सिंगापुरांत आणि ब्रह्मदेशांत त्या कलमाचा आंकडासुद्धां तोच राहिला. सिलोनांत तें ३६५ वें झालें. इंग्लंडनें स्वतःच्या घरीं १९६७ सालीं हा कायदा सैल केला. पण ज्यांच्या गळ्यांत त्यानें तो बांधला होता, त्यांच्यापैकीं कित्येकांस तोंपर्यंत तो आपल्या पूर्वजांचा दागिना वाटूं लागला होता. आज एखाद्या समलिंगी जोडप्यानें भीतीच्या देशांवर नकाशांत खुणा केल्या, तर जुन्या इंग्रजी साम्राज्याचा बराच भाग त्या खुणांखालीं येतो. जो कायदा आणला परक्यांनीं, तोच आतां परक्या विचारांपासून संस्कृतीचें रक्षण करणारा म्हणून मिरवितो, यासारखा विनोद इतिहासानें क्वचितच केला असेल.

आणि कायदा हा कांहीं एकदां ओलांडली कीं मागें राहणारी नदी नव्हे. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २ जुलै २००९ रोजीं ३७७ व्या कलमाचा दंश काढला. सर्वोच्च न्यायालयानें ११ डिसेंबर २०१३ रोजीं तो परत बसविला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं एकमतानें तो पुन्हां काढला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तें कलमच नाहीं. पण मधल्या पावणेपांच वर्षांत ज्यांनीं आपलें नांव, आपलें घर उघड केलें होतें, त्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करावी. सिंगापुरानें १९३८ सालीं जोडलेलें ३७७-अ हें कलम २०२२ च्या नोव्हेंबरांत रद्द केलें. मात्र त्याच वेळीं विवाहाच्या रूढ व्याख्येला न्यायालयांत धक्का लागूं नये, अशी तरतूदही घटनेंत करून ठेवली. मॉरिशस बेट, जेथें मराठी बोलणाऱ्यांची जुनी वस्ती आहे आणि गणेशचतुर्थीला सरकारी सुटी असते, तेथील सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२३ मध्यें असेंच एक वसाहतकालीन कलम घटनाबाह्य ठरविलें. उलट त्याच वर्षीं युगांडानें कांहीं प्रसंगीं मृत्युदंडापर्यंत जाणारा नवा कायदा केला. म्हणजे जग एकाच दिशेनें चाललें आहे, असें समजून निर्धास्त राहण्याची सोय नाहीं. प्रवाशानें गेल्या वर्षीची माहिती यंदाची म्हणून वापरूं नये.

कायदा उत्तम आणि रस्ता भयाण, असेंही असूं शकतें. लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास घटनेनें मनाई करणारा जगांतील पहिला देश दक्षिण आफ्रिका हा होय. २००६ पासून तेथें समलिंगी विवाहही कायदेशीर आहे. तरीही त्याच देशांत, राष्ट्रीय संघांतून फुटबॉल खेळलेल्या यूडी सिमेलाने हिचा २००८ सालीं तिच्या स्वतःच्या वस्तींत निर्घृण खून झाला. ती स्त्रियांवर प्रेम करी, हें तेथें सर्वांस ठाऊक होतें. केप टाउनच्या समुद्रकांठीं उतरलेल्या परदेशी जोडप्याला जो देश स्वर्गतुल्य वाटतो, तोच त्या देशाच्या कन्येला असा भेटतो. ही विसंगति वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढील विवेचनाचा आधार तीच आहे.

दुसरा प्रश्न स्वागताचा. यजमानाच्या वृत्तीच्या आम्ही तीन पायऱ्या मानतों. पहिली, तो दंड करीत नाहीं. दुसरी, तो लक्ष देत नाहीं. तिसरी, तो ओळखतो आणि ओळखून आंत घेतो. आपला देश आज बहुतांशीं दुसऱ्या पायरीवर उभा आहे, आणि ती पायरी मोठी चमत्कारिक आहे. आपल्याकडे दोन पुरुष हातांत हात घालून रस्त्यानें चालले तर कोणी मान वळवून पाहत नाहीं; मैत्रीची ती आपली जुनी रीत आहे. लॉजवर एक तरुण आणि एक तरुणी लग्नाचा पुरावा नसतां गेलीं, तर मॅनेजर भुवया चढवितो. पण दोन तरुण किंवा दोन तरुणी गेल्या तर तो निमूटपणें किल्ली काढून देतो. ज्यांच्याविषयीं समाजाला सर्वांत अधिक आक्षेप, त्यांनाच सर्वांत कमी प्रश्न विचारले जातात! परंतु ही सोय अज्ञानानें दिलेली आहे, आणि अज्ञानाचें छप्पर केव्हां उडेल याचा नेम नाहीं. पलंग एक पाहिजे असें म्हणण्याचा अवकाश, कीं तोच मॅनेजर दुसऱ्या दृष्टीनें पाहूं लागतो. जो आश्रय आपल्याला न ओळखण्यावर अवलंबून आहे, त्यांत झोंप लागली तरी ती जागती झोंप असते.

येथें तिसरा प्रश्न उभा राहतो. ओळख झांकावी काय? सत्यनिष्ठ मनुष्य म्हणेल, झांकूं नये. या बाबतींत एका थोर प्रवाशाची आठवण करून देणें अवश्य आहे. परदेशांतील विद्याभ्यास करून १९१७ सालीं बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेलेल्या आंबेडकरांना त्या शहरांत कोणीही जागा देईना. शेवटीं पारशांसाठीं असलेल्या एका पथिकाश्रमांत पारशी नांव लावून ते राहिले. अकराव्या दिवशीं लाठ्या घेतलेला एक जमाव आला आणि त्यांना तेथून निघावें लागलें. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनांत त्यांनीं ही हकीकत लिहून ठेवली आहे. ती वाचून, आंबेडकर असत्य बोलले असें म्हणण्याचें धाडस कोण करील? असत्याचें पाप त्या दाराच्या माथीं होतें, ज्यानें खऱ्या नांवाला प्रवेश नाकारला. दोन्ही दुःखें एकच आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. जातीचा जाच पिढ्यान्‌पिढ्यांचा, आणि तो सोसणारें मूल संध्याकाळीं घरीं येतें तेव्हां तेंच दुःख जाणणाऱ्या आईच्या कुशींत शिरतें. समलिंगी मुलाला पुष्कळदां आईच्या कुशींतसुद्धां परकें राहावें लागतें. दुःखांचीं कुळें निराळीं. परंतु नांव बदलून खोली मागणाऱ्याच्या घशाला पडणारी कोरड दोघांचीही एकच.

यावरून आमचा निर्णय असा कीं, जो आपल्या उत्तराचा उपयोग आपल्याला इजा करण्यासाठीं करील, त्याला उत्तर देण्याचें ऋण आपल्यावर नाहीं. मौन म्हणजे असत्य नव्हे. ज्या देशांत तुरुंगाचें भय आहे तेथें दोन पलंगांची खोली मागणाऱ्या जोडप्याला कोणीं भ्याड म्हणूं नये. मात्र या मौनाची किंमत त्या जोडप्यानें आधींच मोजून ठेवावी. आठ दिवस एकमेकांकडे पाहतांना कोण पाहतें आहे हें पाहावयाचें, छायाचित्र काढतांना हात मागें घ्यावयाचा, आजारपणांत "हा माझा मित्र" म्हणावयाचें: हा प्रवास मनाला विसांवा देईल काय? विसांव्यासाठींच घर सोडलें आणि घरचाच पहारा बरोबर नेला, असें होत असेल, तर तेवढ्या पैशांत आपल्याच कोंकणांतील एखादें शांत गांव बरें.

चौथा प्रश्न सर्वांत कठीण आहे. जेथें आपल्यासारख्यांना शिक्षा होते तेथें पैसे खर्च करण्यास जावें काय? ब्रुनेईच्या सुलतानानें एप्रिल २०१९ मध्यें दगडांनीं ठेंचून मारण्याची शिक्षा कायद्यांत आणली, तेव्हां त्याच्या मालकीच्या परदेशांतील मोठमोठ्या हॉटेलांवर अनेकांनीं बहिष्कार घातला. मे महिन्यांत सुलतानानें मृत्युदंड अमलांत आणला जाणार नाहीं, असें जाहीर केलें. कायदा मात्र पुस्तकांत राहिला. बहिष्काराचें शस्त्र आपल्या लोकांस अपरिचित नाहीं. स्वदेशीच्या चळवळींत त्याची धार आपण पाहिली आहे आणि तें केव्हां बोथट होतें हेंही पाहिलें आहे. त्याचा घाव राजाला लागतो तितकाच कधीं कधीं त्याच्या दारांतल्या माळ्यालाही लागतो. म्हणून येथें सरसकट नियम सांगतां येत नाहीं. पण एक फरक स्पष्ट आहे. मालदीव बेटांत समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. तरी प्रवाशांसाठीं राखलेल्या बेटांवर परदेशी जोडप्यांना फारसें कोणी विचारीत नाहीं, जसें तेथें मद्यही मिळतें आणि शेजारच्या वस्तीच्या बेटावर मिळत नाहीं. ही सूट पाहुण्याच्या मनुष्यत्वाला दिलेली नसते. त्याच्या पैशाच्या थैलीला दिलेली असते. त्याच बेटावर त्याच्या खोलींतील चादर बदलणारा तरुण जर त्याच्यासारखाच असेल, तर त्याला ती सूट नाहीं.

येथें आम्हांस आमची कसोटी सांपडली असें वाटतें. एखादा देश पाहुण्याशीं कसा वागतो हें विचारूं नये. तो आपल्याच माणसांशीं कसा वागतो हें विचारावें. जेथें आपल्यासारखें जोडपें गिऱ्हाईक म्हणून खपतें पण शेजारी म्हणून खपत नाहीं, तेथें आतिथ्य नाहीं, व्यापार आहे. व्यापार वाईट नसतो. परंतु त्याचें प्रेम भाव उतरतांच उतरतें. जेथें असें जोडपें भाजी आणतें, भाडें भरतें, भांडतें आणि म्हातारें होतें, तेथें आलेल्या पाहुण्याला निराळ्या संरक्षणाची गरजच उरत नाहीं.

या कसोटीचें एक टोंचणारें उदाहरण मराठी दरबारांतलें आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ सालीं थोरल्या पातीच्या देवास संस्थानांत तुकोजीराव पवार महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून राहिला होता. स्वदेशीं जें त्यानें उघडपणें कधींच सांगितलें नाहीं, तें त्यानें या महाराजांना सांगितलें, आणि महाराजांनीं रागावण्याऐवजीं त्याला समजून घेतलें. ही कथा फॉर्स्टरच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. मराठी माणसाला तिचा अभिमान वाटावा, आणि वाटतो. परंतु त्या कथेंत राजवाड्यांतला एक न्हावीही आहे. त्याच्याशीं आपण पुढें क्रौर्यानें वागलों, असें फॉर्स्टरनें स्वतःच लिहून ठेवलें आहे. साहेबाला महाराजांचा आश्रय होता. न्हाव्याला कोणाचा होता? पाहुण्याला मिळालेलें स्वातंत्र्य यजमानाच्या घरांतील दुबळ्या माणसाच्या जिवावर उपभोगलें जात असेल, तर पाहुणाही त्या अन्यायांत वांटेकरी होतो. जो स्वतः भीतींत वाढला त्यानें परक्या देशांत दुसऱ्याला भीतींत टाकूं नये, हें प्रवासाच्या नीतींतील कलम सर्वांत आधीं लिहिलें पाहिजे.

एक आक्षेप राहिला. "देश तसा वेश" अशी आपली म्हण आहे. पाहुण्यानें यजमानाच्या चालीरीति पाळाव्या, आपल्या पाळण्यास त्याला लावूं नये, असें पुष्कळ समंजस लोक म्हणतील. यांत तथ्य आहे. देवळांत जोडे काढावे, मशिदींत डोकें झांकावें, जेथें नवराबायकोही चारचौघांत एकमेकांस स्पर्श करीत नाहींत तेथें दुसऱ्या कोणत्याही जोडप्यानें संयम राखावा. परंतु म्हणीनें वेश बदलण्यास सांगितलें आहे, जीव बदलण्यास नव्हे. जो नियम सर्वांना सारखा तो शिष्टाचार. जो एकालाच लागतो आणि त्याच्या असण्यालाच लागतो, तो शिष्टाचार नव्हे. यजमान आपल्या घरांत "मोठ्यानें बोलूं नका" असें म्हणूं शकतो. "श्वास घेऊं नका" असें म्हणूं शकत नाहीं.

हा विवेक केल्यावर व्यवहाराचा सल्ला देणें फारसें अवघड राहत नाहीं. त्या दोघांना आम्हीं पांच गोष्टी तपासण्यास सांगितल्या. पहिली, त्या देशाचा आजचा कायदा, आणि तो किती दिवसांपूर्वीं झाला. दुसरी, वाटेंत विमान बदलावयाचें असेल तर तेथील कायदा. कारण चार तास बसलें तरी माणूस त्या भूमीवर असतो. तिसरी, एकाला अपघात झाला तर रुग्णालयांत दुसऱ्याचें काय स्थान राहील. ही गोष्ट आपल्या लोकांना विशेष लागू आहे, कारण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचें काम संसदेकडे सोंपविलें, आणि आपलें जोडपें कागदोपत्रीं अद्याप दोन एकटे प्रवासी असतें. म्हणून एकमेकांच्या नांवें अधिकारपत्र करून बरोबर ठेवावें. चौथी, संकट आलें तर तेथील पोलिसांकडे धांव घेतां येईल कीं त्यांच्यापासूनच लपावें लागेल. पांचवी आणि मुख्य, तेथें राहणारीं अशीं माणसें आपल्या देशाविषयीं काय म्हणतात. हॉटेलाच्या जाहिरातीपेक्षां त्यांचा शब्द अधिक खरा. या कसोटीनें पाहतां सर्वांत प्रथम, १ एप्रिल २००१ पासून, विवाहाचा हक्क देणारें हॉलंड, २००५ पासून तो देणारा स्पेन, आणि मे २०१९ मध्यें आशियांत पहिला मान मिळविणारें तैवान हीं स्थळें वरच्या रांगेंत येतात. घराजवळ पाहूं गेल्यास २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडांत असे विवाह होऊं लागले आहेत. आणि आपल्याला प्रवेशपत्रही लागत नाहीं अशा नेपाळांत २०२३ च्या नोव्हेंबरांत तशा पहिल्या विवाहाची नोंद झाली. अर्थात्‌ वरील आफ्रिकेचें उदाहरण विसरूं नये. राजधानीचा रस्ता आणि डोंगरांतील खेडें हे दोन निराळे देश असतात.

अशा याद्या करण्याची वेळ मुळांत कां यावी? न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नांवाच्या कृष्णवर्णीय टपालवाल्यानें १९३६ सालीं आपल्या लोकांसाठीं एक पुस्तिका काढली. कोणत्या गांवीं कोणत्या घरीं उतरावें, कोठें जेवण मिळेल, कोठें मोटारीत तेल भरूं देतील, एवढीच माहिती तींत असे. वर्णभेदाच्या त्या काळांत ती लक्षावधि माणसांची वाटाडी झाली. ज्या दिवशीं या पुस्तिकेची गरज उरणार नाहीं तो दिवस आपल्याला पाहावयाचा आहे, अशी आशा तिच्या प्रकाशकानेंच व्यक्त केली होती. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानंतर थोड्याच वर्षांत ती बंद पडली. समलिंगी माणसांच्या अशाच याद्या त्याच दशकांत अमेरिकेंत निघूं लागल्या, आणि त्या अद्याप बंद पडलेल्या नाहींत. यादी करणारा उपकार करतो यांत शंका नाहीं. परंतु यादी असणें हा यजमानांच्या जगावरचा ठपका आहे.

आणि यजमान म्हणजे कोणी दूरचे लोक नव्हत. आपलें पुणें, नागपूर, कोल्हापूर, आपला गोवा, हीं सर्व स्थळें कोणाच्या तरी यादींत आहेत. कोणत्या रकान्यांत आहेत एवढाच प्रश्न. अतिथीला देव मानण्याची आज्ञा आपण येतांजातां उच्चारतों. परंतु आपल्या इतिहासांत देवाच्याच दारीं माणसांना अडविल्याची आठवणही आहे. चोखामेळा पंढरीच्या महाद्वाराबाहेर राहिला, आणि त्या मंदिराचीं दारें अस्पृश्य मानलेल्यांसाठीं उघडावीं म्हणून साने गुरुजींना १९४७ सालीं प्राण पणाला लावून उपोषण करावें लागलें. विठ्ठलानें दार लावून घेतलें होतें असें कोणीच म्हणत नाहीं; कडी आंतून बडव्यांनीं घातली होती. आज ती कडी लॉजच्या मेजावर आहे, गृहसंस्थेच्या सभेंत आहे, आणि पुष्कळ घरांत जेवणाच्या ताटावर आहे.

ती काढण्यास उपोषणाची गरज नाहीं. दोन प्रवासी उतरले, त्यांनीं नोंदवहींत आपलें नातें खरें तें लिहिलें, मॅनेजरनें तें वाचलें, किल्ली हातीं दिली आणि जेवण साडेआठला तयार असतें असें सांगितलें. एवढी साधी गोष्ट ज्या गांवीं घडेल, तें गांव सुरक्षितही आहे आणि आतिथ्यशीलही आहे. अशा गांवांचीं नांवें मराठींत मिळूं लागावीं, ही इच्छा बाळगण्यास कोणत्याही मतपंथाची आडकाठी असण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.